बाराशे रुपयांचा डबा आणि श्रावणातली घोटी

राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुण्याहून धाकट्या बहिणीचे पार्सल आले. राखी, कुंकवाची पुडी आणि वरून पारदर्शक खिडकी असलेला एक पांढरा डबा. आत सहा बिस्किटे. दोन राख्यांच्या आकाराची, दोन मोर, एक नारळ आणि एकावर बारीक सोनेरी अक्षरात ‘दादा’. सगळी हाताने रंगवलेली. मोराच्या पिसाऱ्यातला डोळा न् डोळा वेगळा. पावती चुकून डब्याखाली राहिली होती, म्हणून आकडा कळला. १,२०० रुपये. एका बिस्किटाला २००. तेवढ्या पैशांत घोटीच्या बाजारात चांगली अर्धा किलो नानकटाई येते.

आईने अर्धा मोर खाल्ला आणि नातवाला म्हणाली, ‘साखरेच्या चित्रासारखं लागतंय.’ सूनबाईने डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, ‘यात अंडं तर नाही ना?’ डब्यावर नाव होते, फोन नंबर होता, एक गोड संदेश होता. घटकांची यादी नव्हती, हिरवा ठिपकाही नव्हता. फोन केला. करणारी मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, ‘काका, बिस्किटात नाही, पण वरच्या आयसिंगमध्ये अंड्याच्या पांढऱ्याची पावडर असते.’ आईचे वय ७४. जन्मात अंडे खाल्लेले नाही, त्यात श्रावण. ती काही बोलली नाही. उठून चूळ भरली आणि देवघरापाशी जाऊन बसली.

त्या दिवसापासून घरात प्रश्न एकच: एवढे पैसे कशाचे?

आधी त्या आयसिंगचे बघू. चकचकीत, कडक, खडूसारखा वाळणारा हा थर म्हणजे रॉयल आयसिंग. पिठीसाखर आणि अंड्यातील पांढरे, एवढेच त्याचे मूळ. अंड्यातील प्रथिने फेटली की हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, पाणी उडून गेले की साखरेचे बारीक स्फटिक प्रथिनांच्या जाळीत घट्ट बसतात. म्हणून नुसत्या साखरेच्या पाकाला जे जमत नाही ते याला जमते: केसाएवढी रेघ काढली तरी ती पसरत नाही. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो, म्हणून जाणकार मंडळी उष्णतेची प्रक्रिया केलेली वाळवलेली पावडर वापरतात. ती सुरक्षित, पण अंडेच. आपल्या कायद्यात अंडे असलेला पाकीटबंद पदार्थ मांसाहारी गणला जातो आणि त्यावर तपकिरी त्रिकोण लागतो. अंडे हा अ‍ॅलर्जीचाही पदार्थ, त्यामुळे यादीत त्याचा उल्लेख बंधनकारक. म्हणजे हा फक्त सोवळ्याओवळ्याचा मामला नाही. एखाद्या लहान मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी असती, तर आमच्या घरी चूळ भरण्यावर भागले नसते.

आता किमतीचे. सामानाचा हिशेब मी कागदावर मांडला. मैदा, लोणी, साखर, पावडर, रंग. आजच्या भावाने एका बिस्किटाला पंधरा रुपयांच्या पुढे काही जात नाही. त्यावरून ‘लूट आहे’ म्हणणारे म्हणोत. मी म्हणणार नाही. त्या मुलीनेच सांगितले की आधी कडेची रेघ, मग आत पातळ आयसिंग ओतायचे, ते रात्रभर वाळू द्यायचे, दुसऱ्या दिवशी त्यावर नक्षी, ती वाळली की सोनेरी रंग. मेंदीच्या कोनासारखा कोन हातात धरून, मान वाकवून. एका डब्यामागे हाताचे काम दोन तासांचे, पण ते दोन-तीन दिवसांत विखुरलेले. शिवाय फुटलेले, पसरलेले, बिघडलेले बिस्किट तिच्याच माथी. येवल्याची पैठणी आपण रेशमाच्या वजनावर तोलत नाही. तेव्हा हातकामाचे पैसे रास्त आहेत, असे माझे मत.

मात्र महाग म्हणजे पौष्टिक, हा समज इथे साफ खोटा. राखीच्या आकाराचे एक बिस्किट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४२ ग्रॅम भरले. नेहमीचे प्रमाण धरले तर त्यात साखरच १८ ते २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या. मोठ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एक राखी खाल्ली की दिवसाचा कोटा जवळपास संपला. डालड्याऐवजी खरे लोणी वापरले असेल तर चव नक्की चांगली, पण लोण्यातही संपृक्त चरबी भरपूर. मधुमेह असलेल्या घरी असा डबा पाठवणे म्हणजे प्रेमाने अडचण पाठवणे.

रंगांची गोष्ट थोडी नाजूक आहे. आपल्याकडे खाण्याच्या आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि तयार पदार्थात त्यांची मर्यादा सर्वसाधारणपणे किलोला १०० मिलिग्रॅम. फिका गुलाबी किंवा पिस्ता रंग असेल तर ही मर्यादा सहज पाळली जाते. गडद लाल, काळा, मोरपंखी रंग आणायला मात्र बाटली बरीच उलटी करावी लागते. खाल्ल्यावर मुलांच्या जिभा निळ्या झाल्या तर समजावे. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाने केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रंगांच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता वाढते, असे त्यात दिसले. परिणाम मोठा नव्हता आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता. तरी युरोपात २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यातले चार आपल्या आठांच्या यादीत आहेत. एका सणाला एक बिस्किट खाल्ल्याने कोणाचे काही बिघडत नाही, पण कोणता रंग आहे हे डब्यावर हवे.

सोनेरी चकाकीबाबत मी जास्त कडक आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुले आजारी पडली. केकवरच्या सोनेरी भुकटीत तांबे भरपूर निघाले. त्या भुकटीवर ‘विषारी नाही’ असे छापलेले होते. ‘विषारी नाही’ आणि ‘खाण्यायोग्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भुकटी शोभेसाठी, दुसरी पोटासाठी. आमच्या ‘दादा’ची अक्षरे कशाने लिहिली, हेही फोनवर विचारले. बाटलीवर ‘खाण्यायोग्य’ लिहिल्याचा फोटो तिने लगेच पाठवला.

एवढे होईपर्यंत तिसरा दिवस उजाडला आणि मोर रडायला लागला. निळा रंग पांढऱ्यात उतरला, नारळाला घाम फुटला, कडक थर बोटाला चिकटू लागला. घोटीकरांना याचे नवल नको. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. श्रावणात मुरमुऱ्यांचा डबा पाच मिनिटे उघडा राहिला तर ते सादळतात. बिस्किटाचेही तसेच. भट्टीतून निघते तेव्हा त्यात जेमतेम दोन-चार टक्के पाणी असते, त्यामुळे ते हवेतून पाणी खेचते. साखरेचे गणित आणखी वेगळे. आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागते. कोरड्या हवेत महिनाभर टिकणारे आयसिंग इथे तीन दिवसांत पाणी सोडते. यात करणारीचा दोष नाही. फ्रिजमध्ये ठेवले तर बाहेर काढताच त्यावर दव साचते, म्हणजे आणखी बिघाड. हवाबंद डबा आणि आत ओल शोषणारी पुडी, एवढाच उपाय. आमच्या डब्याला खिडकी होती, पुडी नव्हती.

तेव्हा माझ्यापुरता निकाल असा. बारसे किंवा लग्नाचा मुहूर्त असेल, हिवाळा असेल आणि बिस्किट त्याच दिवशी पाहून खायचे असेल, तर पैसे द्यावेत. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर पाठवू नयेत. आणि २०० रुपये देताना चार गोष्टी बिनदिक्कत विचाराव्यात: अंडे आहे का, रंग कोणते, कधी केले, आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक काय. घरगुती व्यवसायालाही ही नोंदणी लागते.

बहिणीला फोनवर अंड्याचे सांगितले तेव्हा ती रडवेली झाली. तिने तर ‘व्हेज ना?’ असे विचारून घेतले होते आणि समोरून ‘हो, केकसारखंच’ असे उत्तर आले होते. त्या मुलीने आता डब्यावर यादी चिकटवायला सुरुवात केली आहे. दिवाळीला अंड्याशिवायचे आयसिंग करून देते म्हणाली. आईने मात्र बहिणीला आधीच बजावले आहे: दिवाळीला ये, घरचे तूप, साखर आणि पीठ घेऊन आपण भट्टीवर जाऊ, नानकटाई समोर बसून भाजून आणू. मोर हवा असेल तर नातू त्यावर चारोळीने काढील.