पुरस्कार एकाचा, संगीत अनेकांचे

महाराष्ट्र शासनाचा ‘गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार’ २०२५ साली ज्येष्ठ गझलगायक भीमराव पांचाळे यांना जाहीर झाला, तेव्हा विदर्भातील संगीतप्रेमींना विशेष आनंद होणे स्वाभाविक होते. पांचाळे हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील आष्टगावचे. कविवर्य सुरेश भट यांनी मराठी गझलेला प्रतिष्ठा दिली आणि पांचाळे यांनी ती मैफलीतून गावोगावी नेली. अशा कलावंताचा सन्मान म्हणजे एका अर्थी वऱ्हाडच्या मातीचाच सन्मान होय.

मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली या वनाच्छादित जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना असे सोहळे बहुधा दूरचे वाटतात. वृत्तपत्रात छायाचित्र पाहावे, दोन ओळी वाचाव्यात आणि पान उलटावे, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध येतो. म्हणून हा पुरस्कार काय आहे, तो आजवर कोणाकोणाला लाभला आणि त्या नामावलीतून आपण काय शिकावे, याचा थोडा विचार येथे करू या.

एकाच नावाचे तीन पुरस्कार

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. लता मंगेशकर यांच्या नावाने तीन वेगवेगळे पुरस्कार दिले जातात. पहिला मध्य प्रदेश शासनाचा. तो १९८४ साली सुरू झाला आणि त्याचे पहिले मानकरी संगीतकार नौशाद हे होत. लतादीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे झाला, म्हणून त्या राज्याने हा मान राखला. दुसरा महाराष्ट्र शासनाचा. तो १९९२ पासून दिला जातो आणि पहिल्या मानकरी होत्या गायिका माणिक वर्मा. तिसरा मंगेशकर कुटुंबीयांच्या प्रतिष्ठानाचा. लतादीदींचे निधन ६ फेब्रुवारी २०२२ रोजी झाल्यानंतर त्याच वर्षापासून, मास्टर दीनानाथांच्या स्मृतिदिनी म्हणजे २४ एप्रिलला, तो प्रदान करण्यात येऊ लागला. हा तिसरा पुरस्कार केवळ संगीतकारांसाठी नाही. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरा, म्हणजे महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार हा आहे. एखाद्या गीतासाठी किंवा चित्रपटासाठी तो दिला जात नाही. दीर्घकाळच्या संगीतसेवेची ती पोचपावती असते.

गायकाला नाव कसे मिळाले

ज्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो, त्यांना स्वतःलाच गायकाच्या नावासाठी झगडावे लागले होते, हे आजच्या पिढीला सांगितले पाहिजे. १९४९ साली ‘महल’ हा चित्रपट आला. त्यातील लतादीदींचे गीत देशभर गाजले, परंतु त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापलेले नव्हते. तेथे ‘कामिनी’ असे पडद्यावरील पात्राचे नाव होते. आवाज एकीचा आणि नाव कल्पित नायिकेचे, अशी ती प्रथा होती.

पुढे १९५४ साली मुंबईत फिल्मफेअर पुरस्कारांना प्रारंभ झाला. पहिल्या वर्षी मोजके पाच पुरस्कार होते. त्यांत संगीतकाराला स्थान होते, गायकाला नव्हते. १९५७ साली ‘चोरी चोरी’ चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांना संगीताचा पुरस्कार मिळाला आणि त्या सोहळ्यात लतादीदींनी गावे अशी त्यांची इच्छा होती. लतादीदींनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला आणि गीतकाराला नाही, तेव्हा गायकाच्या आवाजावाचून नुसती चाल वाजवून दाखवावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा नकार परिणामकारक ठरला. १९५९ पासून पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला आणि ‘मधुमती’ चित्रपटातील गीतासाठी तो प्रथम लतादीदींनाच मिळाला. १९६८ पासून गायक आणि गायिका असे दोन विभाग झाले. त्यानंतर काही वर्षांतच, नव्या आवाजांना वाव मिळावा म्हणून, त्यांनी हा पुरस्कार यापुढे आपणास देऊ नये असे कळविले.

या घटनाक्रमात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. ज्याचा वाटा आहे त्याचे नाव घेतले जावे, असा आग्रह धरणे म्हणजे अहंकार नव्हे, तो न्याय आहे. आणि स्वतःचे स्थान पक्के झाल्यावर दुसऱ्यासाठी जागा मोकळी करणे, ही त्या न्यायाची पूर्तता होय.

नामावली काय सांगते

महाराष्ट्र शासनाच्या मानकऱ्यांची यादी सावकाश वाचली, तर ‘संगीतकार’ या शब्दाचा अर्थ किती व्यापक आहे हे उमगते. तीत श्रीनिवास खळे, सुधीर फडके, यशवंत देव, अशोक पत्की यांच्यासारखे चाली बांधणारे आहेत. आशा भोसले, मन्ना डे, सुमन कल्याणपूर, कृष्णा कल्ले, पुष्पा पागधरे यांच्यासारखे गायक-गायिका आहेत. ज्योत्स्ना भोळे आणि जयमाला शिलेदार यांच्या रूपाने मराठी रंगभूमीचे गाणे आहे. सुलोचना चव्हाण यांच्या रूपाने लावणी आहे. एके काळी सभ्य घरांत जिचे नाव घेण्यास लोक कचरत, तिला राज्याने आपल्या व्यासपीठावर मानाने बसविले, ही लहान गोष्ट नव्हे.

या यादीत आणखी एक धागा आहे, तो म्हणजे व्हायोलिनचा. प्रभाकर जोग हे मूलतः व्हायोलिनवादक. सुधीर फडके यांच्यासोबत ‘गीतरामायणा’च्या काळापासून त्यांनी वादन आणि संयोजन केले. ‘गाणारे व्हायोलिन’ या नावाने ते घरोघरी पोहोचले, परंतु हा पुरस्कार त्यांच्याकडे आला तो वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यानंतर. उत्तम सिंग यांचीही वाटचाल व्हायोलिनपासूनच झाली. आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल शर्मा हे तर बालपणापासून व्हायोलिन वाजवीत होते. त्यांना ते शिकविले अँथनी गोन्साल्विस यांनी.

माजोर्ड्याचा शिक्षक

हे नाव आपल्याला ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील विनोदी गीतामुळे ठाऊक असते, पण ती व्यक्ती काल्पनिक नव्हती. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील माजोर्डा गावी १९२७ साली गोन्साल्विस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. गोव्यात शतकानुशतके चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचणे, मिस्सेत गाणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविले जात असे. उपासनेसाठी दिलेल्या त्या शिक्षणातून पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वादकांची आणि वाद्यवृंद-संयोजकांची मोठी फळी मिळाली. गोन्साल्विस १९४३ साली मुंबईस आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले आणि पुढे अनेक संगीतकारांसाठी संयोजन करू लागले. १९५८ साली त्यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या रचनांसाठी स्वतंत्र वाद्यवृंद उभा केला. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेत गेले. माघारी आल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर, आपल्या गावी शांतपणे राहिले. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

चाल सुचणे ही एक गोष्ट. ती चाल कोणत्या वाद्याने उचलावी, गायक थांबतो तेथे कोणते स्वर यावेत, वीस व्हायोलिनांनी काय वाजवावे आणि चेलोने काय, हे कागदावर उतरविणे ही दुसरी गोष्ट. हे काम संयोजकाचे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी ते सबॅस्टियन डिसोझा यांनी अनेक वर्षे केले, आणि तालाची बाजू दत्ताराम वाडकर यांनी सांभाळली. दोघेही गोमंतकीय. ज्या सोहळ्यात गायकाला पुरस्कार नाही म्हणून लतादीदींनी गाण्यास नकार दिला, तेथे संयोजक आणि वादक यांच्यासाठीही विभाग नव्हता. गायकाची जागा दोन वर्षांत झाली, संयोजकाला मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. प्यारेलाल यांनी एका लोकप्रिय गीतात गुरूचे पूर्ण नाव आणविले, ती एक प्रकारे शिष्याने दिलेली पोचपावतीच होती.

सहकाऱ्याचे नाव जपणारा नागपूरकर

याच नामावलीत विदर्भाचे आणखी एक नाव आहे, राम-लक्ष्मण. नाव जोडीचे, परंतु पुरस्कार स्वीकारणारी व्यक्ती एकच, नागपूरचे विजय पाटील. विजय पाटील आणि त्यांचे सहकारी सुरेंद्र या दोघांना दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) या चित्रपटाने ओळख दिली. त्यानंतर लवकरच सुरेंद्र यांचे निधन झाले. पाटील यांनी पुढे ‘मैंने प्यार किया’ (१९८९), ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) यांसारख्या चित्रपटांना एकट्याने संगीत दिले. अफाट यश मिळाले, तरी त्यांनी जोडीचे नाव सोडले नाही. प्रत्येक श्रेयनामावलीत दिवंगत मित्र त्यांच्या शेजारी राहिला. २२ मे २०२१ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले. पुरस्काराने कोणाचे नाव घ्यावे हे समिती ठरविते, परंतु आपण कोणाचे नाव घ्यावे हे आपल्या हाती असते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

झाडीपट्टीचा वादक

आता आपल्या अंगणाकडे वळू या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांची झाडीपट्टी रंगभूमी म्हणजे संगीताचाही एक मोठा संसार आहे. धानाची कापणी उरकली की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटके होतात. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, हे नाट्यमंडळांचे केंद्र. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि त्यातील गाणी ध्वनिफितीवर न वाजता रंगमंचावर प्रत्यक्ष गायिली जातात. ऑर्गन, तबला, ढोलक यांची साथ करणारे वादक थंडीच्या कडाक्यात रात्रभर बसलेले असतात. प्रेक्षक नायकाला ओळखतात, खलनायकाला ओळखतात. ढोलक वाजविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणी विचारतो.

या रंगभूमीतील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री किताब मिळाला. गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोली हे त्यांचे गाव. ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांच्या सन्मानाने या रंगभूमीचे नाव देशापुढे आले. तथापि ज्या वादकांच्या साथीवर ही नाटके उभी राहतात, दंडार आणि खडी गंमत ज्यांनी जिवंत ठेवली, गोंड व माडिया पाड्यांवर रेला गीते ज्या वृद्ध स्त्रियांच्या कंठात आहेत, त्यांच्यापर्यंत कोणताही राज्यस्तरीय सोहळा सहसा पोहोचत नाही. त्यांची गाणी कागदावर नाहीत. माणूस गेला की गाणे जाते. येथे प्रश्न नुसत्या मानपत्राचा नाही, एका ठेव्याच्या अस्तित्वाचा आहे.

आपल्याकडून काय होऊ शकते

पुरस्काराची वाट न पाहता काही गोष्टी आपल्या धर्मग्रामांतही करता येतील. नाताळ व ईस्टरच्या कार्यक्रमपत्रिकेत गायकवृंदाबरोबर पेटी, तबला, ढोलक वाजविणाऱ्यांची नावे छापावीत. ज्याने चाल बांधली त्याचे नाव गीताखाली लिहावे, मग तो आपल्याच गावचा शिक्षक का असेना. गावातील वृद्धांची गाणी, त्यांची अनुमती घेऊन, भ्रमणध्वनीवर मुद्रित करावीत आणि गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख सोबत नोंदवावी. सुटीत आठ-दहा मुलांना स्वरलिपी शिकविण्याचा वर्ग भरवावा. माजोर्ड्याच्या त्या मुलाला प्रथम जे मिळाले, ते याहून फार निराळे नव्हते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संविधानाच्या ११९ व्या कलमात, ज्या लोकसमूहांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान व स्थान द्यावे, असे सांगितले आहे. आपल्या वनप्रदेशात त्या कलमाचा अर्थ शोधण्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही. ढोलक वाजविणारा माणूस रविवारी दुसऱ्या रांगेतच बसलेला असतो.

पुरस्कार दर वर्षी एकाला मिळणार, हे अपरिहार्य आहे. भीमराव पांचाळे यांचे आपण मनःपूर्वक अभिनंदन करू या. परंतु पुढील वर्षी मानकऱ्याचे नाव वाचताना, त्यांच्यामागे कोण वाजवीत होते आणि त्यांना कोणी शिकविले, हेही विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर तो सोहळा आपल्याला तितका दूरचा वाटणार नाही.