दुसरा विषय कोणता?

नांदेडहून देगलूरमार्गें हैदराबादेकडे जाणाऱ्या सडकेवर नायगांव लागतें. त्या टापूंत खरिपाच्या दिवसांत सोयाबिनाच्या ओळींमधून तुरीच्या ओळी उभ्या दिसतात. सोयाबीन शंभरेक दिवसांत घरांत येतें. तूर थंडीपर्यंत शेतांत राहते आणि तिचें मूळ खोल जातें. एकानें दुसऱ्याच्या तोंडचा घास हिरावूं नये, आणि एक बुडालें तर दुसऱ्यानें हात द्यावा, एवढाच हिशेब त्यामागें असतो. परंतु त्याच घरची मुलगी महाविद्यालयांत दुसरा विषय निवडूं लागते, तेव्हां हा हिशेब कोणास आठवत नाहीं. मैत्रिणीनें घेतला तो विषय, किंवा ज्यांत गुण सैल हातानें मिळतात तो विषय, अशी निवड होऊन जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं जाहीर झालें, तेव्हांपासून ह्या निवडीस अधिक महत्त्व आलें आहे. मुख्य विषयाच्या जोडीस दुसरा विषय नेमानें घ्यावयाचा, आणि तो दुसऱ्या शाखेंतलाही चालावा, असा ह्या नव्या रचनेचा रोख आहे. दुसरा विषय गौण ठेवावा कीं मुख्य विषयाच्या तोलाचा करावा, हा त्यापुढचा प्रश्न. येथें थोडें गणित करणें भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या डिसेंबरांत जो आराखडा दिला, त्यांत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक धरले आहेत. पैकीं निम्मे, म्हणजे ६०, मुख्य विषयाचे. दुसराही विषय मुख्य म्हणून पदवीवर यावयाचा, तर त्याचे शेंकडा ४०, म्हणजे ४८ श्रेयांक मिळवावे लागतात. दोहोंची बेरीज १०८. उरलेल्या बारांत भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव हें सारें मावत नाहीं. अर्थात् अधिक श्रेयांक मिळविण्याची तयारी हवी. एका श्रेयांकास तासिकेचे पंधरा तास धरले, तर ४८ श्रेयांकांचे ७२० तास होतात, आणि घरचा अभ्यास त्याहून निराळा. एवढा काळ वेंचून जें हातीं यावयाचें तें काय, हें आधींच विचारलेलें बरें.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें उदाहरण ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १९१२ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून त्यांनीं बी. ए. केलें, तें अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र मुख्य ठेवून त्यांनीं समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र हे विषय जोडीस घेतले. पुढें १९१६ सालीं लंडनला पोंचल्यावर एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि दुसरीकडे बॅरिस्टरीसाठीं ग्रेज इन, अशा दोन ठिकाणीं त्यांनीं नांव घातलें. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ सालचा, प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ सालचा. आणि १९४७ सालीं घटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. केंद्रानें आणि प्रांतांनीं पैसा कसा वाटून घ्यावा, ह्या प्रश्नाचा अभ्यास केलेला मनुष्य कायद्याचाही जाणकार होता. पदवीपुढें दोन अक्षरें वाढावीं म्हणून हे विषय जोडले गेले नव्हते; एकाचें काम दुसऱ्यावांचून अडत होतें.

ही कसोटी नायगांवच्या विद्यार्थ्यासही लावतां येते. इतिहासाच्या जोडीस राज्यशास्त्र घेतलें तर वाचन हलकें होतें हें खरें, पण एकीच्या वाटेवर जी गर्दी तीच दुसरीच्या वाटेवर. अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र घेणारा निराळा ठरतो, कारण पीकविमा, पतपेढी, बाजारभाव ह्या प्रत्येक ठिकाणीं आंकडे आहेत आणि ते वाचणारे थोडे. वाणिज्याबरोबर तेलुगू हा तर ह्या भागाचा घरचा मेवा. तेलंगणाची हद्द जवळ आहे आणि मालाची ये-जा नित्याची आहे. तरी मराठवाड्यांतील घरांना तेलुगूपेक्षां संगणकाचेंच आकर्षण अधिक. संगणक वाईट नव्हे. पण कशासाठीं, हें ठरलेलें नसतांना घेतलेला संगणक म्हणजे बैलाविना घेतलेली गाडी.

स्पर्धापरीक्षांचा मोह मोठा असल्यामुळें त्याविषयींही सांगितलें पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेंत लेखी १७५० गुणांपैकीं ५०० गुण एका वैकल्पिक विषयाचे असतात. तो विषय पदवीलाच झालेला असेल तर दोन वर्षांचा पाया फुकट मिळतो. तथापि परीक्षा न साधली तरी जो विषय पोटाला लावतां येईल, तोच घेणें शहाणपणाचें.

ज्यांना दोन विषय एका पदवींत बसवितां येत नाहींत, त्यांस २०२२ च्या एप्रिलपासून दुसरी वाट मोकळी आहे. आयोगाच्या नियमांनुसार एकाच वेळीं दोन पदव्या करतां येतात. एक प्रत्यक्ष वर्गांत, दुसरी दूरशिक्षणानें, किंवा दोन्ही वर्गांत, मात्र वेळा एकमेकींवर येतां कामा नयेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखी संस्था त्यासाठीं उपयोगी पडते.

अर्ज भरण्यापूर्वीं प्राचार्यांना दोन प्रश्न विचारावे: हा दुसरा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत शिकविण्यास अध्यापक आहेत काय, आणि दोहोंच्या तासिका वेळापत्रकांत एकाच वेळीं येतात काय? लहान गांवच्या महाविद्यालयांत हे प्रश्न क्षुल्लक नसतात. अध्यापक नसल्यास नांदेडचें रोजचें जाणें-येणें, किंवा मधेंच विषय बदलणें नशिबीं येतें. आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळीं अनेक ठिकाणीं पदवीला तो विषय होता कीं नाहीं, हेंच प्रथम पाहतात.