देवदाराच्या सावलीतला उतारा

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या तोंडातून लाळ गळत असते, अंग घामानं भिजलेलं असतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. छातीत घरघर. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची ही खूण. अशा वेळी डॉक्टर बोटाएवढी काचेची कुपी फोडतात. आत ०.६ मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन असतं.

या औषधाचं एक घराणं हिमालयात आहे. काश्मीर-हिमाचलच्या जंगलांत, ओलसर सावलीत भारतीय बेलाडोना उगवतो. घंटेसारखी मळकट पिवळी फुलं, आणि पिकल्यावर करवंदासारखं काळंभोर, चकचकीत फळ. फळाखाली पाच टोकांची हिरवी चांदणी. चव गोडसर, म्हणून लहान मुलांना धोका अधिक. वांगी, टोमॅटो, मिरचीच्याच कुळातलं हे झाड; आपल्या बांधावरचा धोतराही त्याचा भाऊबंद.

शरीरात अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा निरोप्या लाळ, घाम आणि आतड्यांची हालचाल सांभाळतो, हृदयाचा वेग आवरून धरतो. कीटकनाशकामुळे तो साचत जातो आणि फुप्फुसं पाण्यानं भरतात. अ‍ॅट्रोपिन त्याचं दार अडवतं. डॉक्टर तीन ते पाच कुप्यांनी सुरुवात करतात आणि छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसहून अधिक जीव घेतले. त्या भागातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या स्वस्त कुप्यांचा भरपूर साठा असायलाच हवा.

मात्रा पुढे गेली की चित्र उलटतं. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, ताप चढतो, रोगी बरळतो आणि हवेतल्या नसलेल्या वस्तू वेचू लागतो. बेलाडोनाचं फळ खाणाऱ्याची अवस्था नेमकी हीच होते. दवाखान्यात मात्रा मोजून देता येते, नाडी आणि छाती तपासत राहता येतं. झाडाच्या पानात किंवा मुळीत किती विष आहे ते बघून कळत नाही. ऋतू, झाडाचं वय आणि जागा यांप्रमाणे ते बदलतं. घरगुती काढा म्हणून ही मुळी उकळणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं.

झाडावरही संकट आहेच. औषधासाठी मुळं खणली की अख्खं झाड जातं, आणि बी सहजी रुजत नाही. जंगली बेलाडोना आज संकटग्रस्त वनस्पतींमध्ये मोजला जातो. अ‍ॅट्रोपिन लागवडीच्या पिकांतूनही मिळवता येतं. त्यासाठी देवदाराखालची माती उकरण्याची गरज नाही.