बंदूक कां अडते?

श्रोतेहो, एक गोळी सुटली कीं दुसरी आपोआप भरून घेणारी बंदूक म्हणजे वस्तुतः एक लहानसें इंजिनच होय. इंजिनाप्रमाणेंच तें मध्येंच अडतें. आणि अशा वेळीं केवळ एखाद्या भागावर दोष ठेवून मोकळा होणारा मनुष्य बहुधा चुकतो. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

प्रथम या बंदुकीचें चक्र ध्यानांत घेऊं. गोळी नळींतून पुढें धांवत असतां तिच्या मागील तप्त वायूचा अल्पसा अंश नळीच्या एका बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. तो अरुंद नळकांडीनें मागें येऊन बोल्टच्या वाहकाला ढकलतो. वाहक सरकतांच बोल्ट फिरून मोकळा होतो. त्याचा आंकडा रिकामें काडतूस ओढून काढतो. तें बाहेर फेकलें जातें. आणि मागें दबलेली स्प्रिंग सर्व भाग पुन्हां पुढें लोटून नवें काडतूस आंत बसविते. हें सारें सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळांत घडतें.

यांतील खरी मेख वेळेची आहे. दारू पेटली म्हणजे काडतुसाचें पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतें, आणि दाब उतरला कीं आकसून सैल होतें. आंकड्यानें ओढावयाचें तें यानंतर. तो क्षणभर आधीं ओढूं लागला, तर पितळ सुटत नाहीं. आंकडा निसटतो, किंवा काडतुसाचा कांठ तुटून येतो.

यूजीन स्टोनर यांच्या रचनेवरून तयार झालेली ही रायफल एका विशिष्ट दारूशीं जुळविलेली होती. परंतु गोळीचा वेग आणि नळींतील दाब या दोहोंच्या अटी मोठ्या प्रमाणावरील उत्पादनांत त्या दारूनें पाळणें कठीण झालें. म्हणून १९६४ मध्यें सैन्यानें ‘बॉल पावडर’ नांवाची दुसरी दारू मान्य केली. गोळीचा वेग हवा तसा राहिला. पण वायूच्या छिद्रापाशीं दाब वाढला. वाहकाला जोराचा धक्का बसूं लागला. पूर्वी मिनिटाला सुमारें ७५० ते ८५० असलेली गोळीबाराची गति कित्येकदां १,००० च्या जवळ पोंचली, आणि आंकडा वेळेआधीं ओढूं लागला. शिवाय या दारूंतील चुनखडीच्या अंशाची राख वायूच्या नळकांडींत सांचे.

इतकें असूनही कदाचित् निभावलें असतें. परंतु चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेंत तेथें गंज चढे आणि खरखरीत भिंत पितळाला अधिकच धरून ठेवी. त्यांतच या रायफलीला सफाई फारशी लागत नाहीं असा समज पसरला होता, आणि सफाईचें साहित्य अपुरें होतें. काडतूस अडकल्यावर नळीच्या तोंडांतून सळई घालून तें ठोकून काढावें लागे. शत्रु समोर असतां ती सळईदेखील पुष्कळांपाशीं नसे.

१९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान्हजवळील टेकड्यांवर लढाया झाल्या. त्या सुमारास सैनिकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत व प्रतिनिधिगृहांत गाजल्या. रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीनें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अहवाल दिला; त्यांत दारू बदलण्याच्या निर्णयावर व दोष दूर करण्यांतील दिरंगाईवर कठोर ताशेरे होते.

उपायही एक नव्हता. गति आवरण्यासाठीं जड बफर बसविला. चेंबरला क्रोमचा मुलामा दिला. दारूंतील चुनखडी कमी केली. सफाईचें साहित्य पुरविलें आणि सैनिकांना सफाईचें शिक्षण दिलें. त्यानंतर तीच रायफल भरंवशाची ठरली आणि दीर्घकाळ वापरांत राहिली.

श्रोतेहो, यंत्र अडलें म्हणजे दोन प्रश्न विचारावे: चक्र नेमकें कोणत्या पायरीवर थांबलें, आणि यंत्र नीट चालत होतें तेव्हांपासून काय काय बदललें? एम-१६ च्या बाबतींत पहिल्याचें उत्तर रणांगणावरील प्रत्येक शिपायास ठाऊक होतें. दुसऱ्याचें उत्तर कागदोपत्रीं नोंदलेलें होतें. तीं दोन उत्तरें एकत्र यावयास तीन वर्षें लागलीं, आणि त्या विलंबाची किंमत शिपायांनीं आपल्या प्राणांनीं दिली.