न बोलता बोलायचं कसं?

आजचा विषय आहे अंगाच्या हालचालींतून उभं राहणारं नाटक.

हिंजवडीच्या चौकात पथनाट्य करायचं म्हटलं की पहिली अडचण आवाजाची. कंपन्यांच्या बस, टँकर, दुचाक्या यांच्या गोंगाटात बाईचं बोलणं पोहोचत नाही. दुसरी अडचण मोठी. ‘माझा पगार नवरा काढून घेतो’ हे सासरच्या माणसांसमोर बोलायचं कुणी? आमच्या गटांत बायका इथेच अडतात. तोंड अडलं तरी अंग बोलू शकतं, ते कसं ते पाहू.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि हालचाली बसवल्या कृष्णदेव मुळगुंदांनी. त्यात माणसांची एक रांग आहे. ती गाते, डुलते आणि पाठ फिरवली की तिचीच भिंत होते. भिंत उघडली की आतलं दिसतं, मिटली की लपतं. पडदा नाही, सामान नाही. समाज काय झाकतो, हे नुसत्या उभं राहण्यातून कळतं.

अशी हालचाल बसवताना तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, भार. फुगडी आठवा. दोघी मागे झुकतात आणि एकमेकींच्या हातांवर तोल राहतो. एकीने हात सोडला तर दोघी पडतात. विश्वास दाखवायला याहून सोपं चित्र नाही.

दुसरी, लय. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली, दर वेळी थोडी वेगाने, की बघणाऱ्यालाही दम लागतो.

तिसरी, अंतर. दोघी जवळ उभ्या की दूर, एक बसलेली की दोघी उभ्या, यावरून कुणाचं चालतं ते न सांगता समजतं.

आता पगाराचाच प्रसंग बसवू. आठजणी अर्धगोलात, एक मधे. मधली झाडते, भाकरी थापते, बस धरते, मशीनवर हात चालवते. हेच तीनदा, वाढत्या वेगाने. मग ती ओंजळ पुढे करते. बाहेरून एक हात येतो आणि ओंजळ रिकामी करतो. सगळ्या जागच्या जागी थांबतात. मनात पाच आकडे मोजा. मग आठहीजणी लोकांकडे वळून आपापली रिकामी ओंजळ दाखवतात. कुणाचं नाव घेतलं नाही, तरी प्रत्येक घराला कळलं. एकीवर बोट येत नाही, कारण ओंजळ सगळ्यांची आहे.

सरावाआधी दहा मिनिटं मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करा. गरोदर किंवा कंबरदुखी असलेल्या मैत्रिणीने भार पेलायचा नाही, ताल धरायचा. पदर खोचून घ्या.

तुमच्या मुलीला हेच शिकायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. तिथे नाट्य, नृत्य, संगीत शिकवलं जातं. ‘नाचगाण्याचं काय शिक्षण?’ असं कुणी म्हटलं, तर ते पदवीचं शिक्षण आहे, हे ठणकावून सांगा.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला की पंधरा मिनिटं राखून ठेवा. फुगडीपासून सुरुवात करा.