घामावरचं पेप्टाइड : रेणू सापडेल, पण दार कुठलं?

मंडळी, वैशाखात मालवणच्या दमट हवेत सगळेच घामाघूम असतात. आज आम्ही बोलणार आहोत तो घाम वेगळा. जानेवारीच्या गार सकाळीही तळहात ओले. उत्तरपत्रिका भिजते, रेशन दुकानातलं यंत्र अंगठा ओळखत नाही, रापणीचा दोर हातातून सटकतो. झोपेत मात्र हा घाम बहुधा थांबतो. घरात म्हणतात, "पोर भित्रं आहे." पण हा आजार आहे, हायपरहायड्रोसिस, आणि त्यावर उपचार आहेत.

घाम सुटतो कसा, ते आधी पाहू. आपल्या कातडीत 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. त्यांच्याजवळच्या मज्जातंतूंच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. होडी धक्क्याला बांधावी तशी पिशवी टोकाच्या भिंतीशी प्रथिनांच्या दोरांनी ओढली जाते, उघडते, रसायन ग्रंथीवर पडतं आणि घाम सुटतो. त्यातला एक दोर म्हणजे स्नॅप-25.

बोटुलिनम, म्हणजे आपलं बोटॉक्स, हाच दोर कापतं. काखेतल्या घामासाठी त्याला अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळाली. आराम काही महिने टिकतो. पण ते महाग, टोचण्या पुष्कळ, आणि तळहातात दिलं तर काही काळ पकड ढिली पडू शकते. ज्याचं पोट दोर ओढण्यावर चालतं, त्याने काय करायचं?

इथे पेप्टाइडची कल्पना येते. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, तर पेप्टाइड ही छोटी माळ. खरा दोर कापण्याऐवजी मध्ये तोतया दोर घुसवायचा, म्हणजे पिशवी नीट बांधलीच जाणार नाही. स्नॅप-25च्या टोकाची नक्कल करणारं सहा अमिनो आम्लांचं अ‍ॅसिटिल हेक्झापेप्टाइड-8 सुरकुत्यांच्या क्रीममध्ये विकलंही जातं.

मग तेच हाताला चोळलं तर? अडचण कातडीची. साधारण 500 डाल्टनपेक्षा जड रेणू तिच्यातून सहज आत जात नाही. हे पेप्टाइड 889 च्या आसपास, बोटुलिनम तर 1,50,000. त्यात तळहाताची कातडी जाड, आणि वाटेत पेप्टाइड तोडणारी विकरंही असतात.

पेप्टाइडचं औषध होतं, यात शंका नाही. कोनस नावाचे विषारी शंख आपल्या समुद्रातही आहेत. त्यांच्या पॅसिफिकमधल्या एका भाऊबंदाच्या विषावरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झालं. त्यालाही अमेरिकेत 2004 सालीच मान्यता मिळाली. पण ते पंपाने मणक्यातल्या द्रवात सोडावं लागतं. म्हणजे रेणू मिळाला तरी दार शोधावंच लागतं. म्हणूनच संशोधक अतिसूक्ष्म सुया, चरबीच्या सूक्ष्म पिशव्या असे मार्ग तपासतात.

तेव्हा "घाम बंद करणारं पेप्टाइड" अशी जाहिरात दिसली की एकच विचारा : हे कातडीतून आत जातं कसं? तोवर त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. रात्री लावायचं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड आहे, पाण्यातून सौम्य वीज सोडण्याचा आयंटोफोरेसिस उपचार आहे. आणि झोपेत घाम येऊन वजनही घटत असेल, तर मात्र थांबू नका. त्याचं कारण वेगळं असू शकतं, तपासणी लगेच करून घ्या.