पैशाचा भाव वेगळा विचारा

सकाळी ९:१५

हडपसरला शाखेत पोचायला मला सोलापूर रस्त्यानेच जावं लागतं. वाटेत जुन्या गाड्यांची यार्डं लागतात. धुऊन पुसून उभ्या केलेल्या वॅगनआर, स्विफ्ट, अल्टो आणि त्यांच्यावर फलक: ‘शून्य डाउन पेमेंट’, ‘फक्त आधार-पॅनवर लोन’, ‘तासाभरात मंजुरी’. गाडीची किंमत काचेवर मोठ्या आकड्यांत लिहिलेली असते, पण व्याजाचा दर कुठेच दिसत नाही. सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या मला रोजचं काम इथूनच मिळतं.

आज शुक्रवार. शनिवार-रविवारी लोक सहकुटुंब गाडी बघायला जातात आणि टोकन देऊन येतात. त्यामुळे डीलरने दिलेला कागद घेऊन ‘मॅडम, हे बरोबर आहे का?’ असं विचारायला येणाऱ्यांची शुक्रवारी गर्दी असते. विचारायला येतात याचंच मला समाधान वाटतं. सही करण्याआधी आले तर खूप काही करता येतं. नंतर आले तर फार थोडं उरतं.

सकाळी १०:१५

पहिला आला तो वायरमन. तिशीतला, स्वतःची छोटी कंत्राटं घेणारा. आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं म्हणून गाडी हवी. २०१९ची सीएनजी वॅगनआर पसंत केली आहे, किंमत ५,२०,०००. स्वतःचे १,२०,००० साठवलेत, उरलेले ४ लाख डीलरच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीकडून.

“नऊ टक्क्यानं देतायत मॅडम. तुमच्याकडं किती?”

“साडेबारा.”

तो उठायलाच निघाला. मी त्याला बसवलं आणि विचारलं, “नऊ टक्के फ्लॅट की रिड्युसिंग?”

हा प्रश्न त्याला यार्डात कोणी विचारला नव्हता. तिथे त्याला विचारलं होतं, ‘महिन्याला किती झेपेल?’ त्यानं अकरा हजार सांगितले आणि हप्ता अकरा हजारांच्या आसपास बसवून मिळाला.

मी कागद घेतला. फ्लॅट म्हणजे चारही वर्षं व्याज मूळ चार लाखांवरच. ४,००,००० वर ९ टक्क्यांनी वर्षाला ३६,०००, चार वर्षांचे १,४४,०००. एकूण फेड ५,४४,००० आणि ४८ महिन्यांचा हप्ता ११,३३३ रुपये. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जातं. दोन वर्षांनी त्याच्याकडे चार लाख उरलेलेच नसतात, तरी व्याज चार लाखांवरच चालू. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजला तर दर निघतो जवळपास १६ टक्के. आमच्या साडेबारा टक्क्यांनी तेच कर्ज घेतलं तर हप्ता १०,६३२. महिन्याला सातशे आणि चार वर्षांत साडेतेहतीस हजारांच्या वर फरक.

तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. म्हणाला, “पण नऊ तर कमी आहे ना साडेबारापेक्षा?” इतका साधा प्रश्न आहे हा, आणि शाळेत चक्रवाढ व्याज शिकलेल्या माणसालाही तो पडतो. म्हणून मी तो कधी घाईत उडवून लावत नाही. पहिल्या तीन महिन्यांचे हप्ते मुद्दल आणि व्याज वेगळं करून त्याच्याच हाताने मांडून घेतले. तिसऱ्या ओळीला त्याला कळलं.

सकाळी ११:४५

“केएफएस दिलंय का तुम्हाला?” मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. फोनवरचे संदेश चाळले तर फायनान्सवाल्या मुलाने काल रात्री एक पीडीएफ पाठवलेली सापडली. इंग्रजीत, न उघडलेली.

की फॅक्ट स्टेटमेंट म्हणजे कर्जाचा सगळा हिशेब एका ठरावीक नमुन्यात. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४च्या परिपत्रकाने ते सगळ्या किरकोळ मुदत कर्जांना लागू केलं आणि १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या कर्जांना ते बंधनकारक आहे. बँक असो, सहकारी बँक असो की फायनान्स कंपनी, सगळ्यांना. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, द्यावाच लागतो. प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत घेतलेला विम्याचा हप्ता धरून खरोखर किती टक्के पडतात ते त्या एका आकड्यात येतं.

पीडीएफ उघडली. मंजूर रक्कम ४,००,०००. प्रोसेसिंग फी जीएसटीसह ९,४४०. डॉक्युमेंटेशन चार्ज ३,५६०. कर्जदाराचा विमा १५,०००. हे २८,००० आधीच कापून हातात ३,७२,०००. हप्ता मात्र पूर्ण चार लाखांचा. एपीआरच्या चौकटीत आकडा होता २०च्या वर.

“नऊचे वीस?”

“हो. तुमच्याच फोनमध्ये लिहिलेलं आहे.”

शिवाय त्याच्याकडे १,२०,०००च आहेत. ३,७२,००० आणि १,२०,००० मिळून ४,९२,००० होतात. गाडीला २८ हजार कमी पडणार. त्याबद्दल यार्डात म्हणाले होते, ‘ॲडजस्ट करू.’ म्हणजे आणखी एक छोटं कर्ज.

त्याला दोन गोष्टी सांगितल्या. हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं आणि समजावून सांगायचं, हा नियमच आहे. मराठीत मागा. दुसरी याहून मोठी. त्या पत्रकातला प्रस्ताव किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतो. आज सही केली नाही तर दर वाढेल, मंजुरी जाईल, असं कोणी म्हटलं तर पत्रकावरची वैधतेची तारीख दाखवा.

जुन्या गाडीच्या महाग कर्जात सर्वात जास्त नुकसान दरापेक्षा घाईने होतं, असं या टेबलावर बसून माझं ठाम मत झालं आहे. गाडी समोर उभी असते, मुलं मागच्या सीटवर बसलेली असतात, पेढे आणलेले असतात. अशा वेळी माणूस गाडीचा भाव पाच हजारांसाठी घासाघीस करून ठरवतो आणि पैशाचा भाव न विचारता ओटीपी सांगून मोकळा होतो. हे दोन सौदे आहेत आणि ते दोन वेगळ्या दिवशी व्हायला हवेत.

दुपारी १:३०

डब्याच्या वेळी आमच्या वसुली विभागातले सहकारी म्हणाले, “डीलरला नावं ठेवू नका, त्याचाही धंदा आहे.” बरोबर आहे. कर्ज लावून दिलं की फायनान्स कंपनीकडून डीलरला पेआउट मिळतो. गाडीवरच्या नफ्याइतकाच तो त्याला महत्त्वाचा. दर जास्त लागला तर पेआउटही वाढू शकतो. म्हणून ‘रोख घेतलीत तर डिस्काउंट नाही, लोन घेतलंत तर दहा हजार कमी’ अशी भाषा ऐकू येते.

आणि दुसरी बाजूही खरी आहे. ज्याच्याकडे आयकराचं विवरणपत्र नाही, पगाराची पावती नाही, रोखीत कमाई आहे, अशा माणसाला बँका दारातून परत पाठवतात. भाजीवाला, वायरमन, टेम्पोचालक. जामीनदार आणा, दोन वर्षांची विवरणपत्रं आणा, पंधरा दिवसांनी या. यार्डातला मुलगा त्याला खुर्ची देतो, चहा देतो, कागद स्वतः भरून देतो. बँकांनी ही जागा रिकामी ठेवली म्हणून तिथे वीस टक्क्यांचं कर्ज उभं राहिलं. आमच्या शाखेत खात्यातली उलाढाल आणि वीजबिल-भाड्याची नियमितता बघून छोटी कर्जं देता यावीत म्हणून मी वर प्रस्ताव दिला आहे आणि त्याचा पाठपुरावा सोडणार नाही.

दुपारी २:१५

दुसऱ्या आल्या त्या बाई शाळेच्या मुलांची ने-आण करतात. त्यांनी वर्षापूर्वी अगदी असंच कर्ज घेतलं: चार लाख, नऊ टक्के फ्लॅट, ४८ महिने. बारा हप्ते वेळेवर भरले, म्हणजे १,३६,०००. आज फोरक्लोजर लेटर आणलं तर शिल्लक ३,२२,०००च्या वर. “ताई, दीड लाखाच्या आसपास भरले आणि कर्ज ऐंशी हजारसुद्धा उतरलं नाही?”

त्यांना कर्ज आमच्याकडे वळवायचं होतं. मी आनंदाने केलं असतं, पण आधी हिशेब मांडला. मुदतपूर्व फेडीचा आकार ४ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५,२०० रुपये. आमच्याकडे उरलेल्या ३६ महिन्यांचा हप्ता १०,७८६ बसतो. दरमहा ५४७ वाचले तरी तीन वर्षांत १९,७००. त्यातून १५,२०० गेले, आमची फी गेली, आरसीवरचा बोजा बदलण्याचा खर्च गेला. हातात काही उरत नाही.

१ जानेवारी २०२६पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तींनी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आला आहे. पण त्यांचं कर्ज आधीचं, शिवाय जुन्या गाड्यांची बहुतेक कर्जं स्थिर दराची असतात. त्यांना करारात लिहिलेला आकारच लागतो. विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तीही मुदत कधीच संपली.

मग उरतं काय? त्यांचा करार ओळीने वाचला. वर्षातून एकदा शिलकीच्या काही भागापर्यंत आकाराशिवाय आगाऊ भरता येईल असं एक कलम निघालं. शाळा सुरू होताना पालक तीन महिन्यांचे पैसे एकदम देतात. त्यातून ती रक्कम भरायची आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून मागायची, असं ठरलं. पत्रकात नसलेला एक ‘कलेक्शन चार्ज’ दोनदा कापलेला दिसला. तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज करून दिला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेही अर्जाच्या प्रतीवर लिहून दिलं.

दुपारी ४:००

वायरमनच्या गाडीच्या मूल्यांकनाला यार्डात गेले. आमचा व्हॅल्युअर इंजिन, पत्रा, चेसिस नंबर बघत होता. तोवर मी वाहन पोर्टलवर नंबर टाकला. मूळ मालकाच्या कर्जाचा बोजा अजून आरसीवर होता. पैसे फिटलेत असं डीलर म्हणाला. फिटले असतील, पण जुन्या बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय तो बोजा उतरत नाही, आणि बोजा असताना गाडी नव्या मालकाच्या नावावर नीट चढत नाही. फॉर्म २९ आणि ३० विक्रीचे, ३४ नव्या बोजाचा, ३५ जुना बोजा उतरवण्याचा. चारही कागद संगम पुलाजवळच्या आरटीओत एकत्र जायला हवेत. हप्ता सुरू आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर, अशा अवस्थेत माणूस अडकतो तो इथेच.

डीलर म्हणाला, “बँकेचं लोन असेल तर गाडी सव्वापाचाच्या पुढं जाईल.” वायरमन शांतपणे म्हणाला, “गाडीची किंमत काल ठरलीय. टोकनच्या पावतीवर लिहिलीय.” ती पावती त्याने आठवणीने घेतली होती. पुढे वाद झाला नाही.

संध्याकाळी ५:३०

व्हॅल्युएशन नीट आलं. खात्यातली दोन वर्षांची उलाढाल चांगली होती, क्रेडिट स्कोअर साडेसातशेच्या जवळ. तत्त्वतः मंजुरीचं पत्र मी त्याच्या हातात दिलं.

तासाभरात त्याचा फोन आला. पत्राचा फोटो बघून फायनान्स कंपनीने नवा प्रस्ताव पाठवला होता: १४ टक्के रिड्युसिंग, विमा ऐच्छिक, हप्ता १०,९३१. सकाळच्या ११,३३३ वरून आपोआप चारशे रुपये खाली. माणूस तोच, गाडी तीच, कंपनीही तीच. फक्त त्याच्या हातात दुसरा कागद आला.

“आता काय करू?”

“दोन्ही पत्रकांतला एपीआर शेजारी शेजारी लिहा. आरटीओचं काम कोण, किती दिवसांत करणार ते विचारा. कोऱ्या चेकवर सही मागत असतील तर देऊ नका. घरी बसून ठरवा.”

“सोमवारी सांगतो मॅडम.”

तो आमच्याकडून कर्ज घेईल की नाही, मला माहीत नाही. पण सकाळी तासाभरात सही करायला निघालेला माणूस सोमवारपर्यंत थांबला, यात माझं आजचं काम झालं.

संध्याकाळी ७:००

शाखेच्या सूचनाफलकासाठी मजकूर लिहिला. उद्या छापून लावायचा आहे. त्यात आमच्या व्याजदराची जाहिरात नाही, कोणत्याही यार्डात विचारता येतील असे प्रश्न आहेत:

दर फ्लॅट आहे की रिड्युसिंग? एपीआर किती? हातात नेमके किती रुपये पडणार? मुदत संपेपर्यंत एकूण किती फेडणार? विमा नको म्हटलं तर दर बदलतो का? मुदतीआधी फेडलं तर किती आकार? की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत मिळेल का? जुना बोजा उतरल्याची एनओसी कुठे आहे?

खाली ठळक अक्षरांत एक वाक्य घातलं: या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळेपर्यंत सही करू नका आणि ओटीपी सांगू नका. तीन कामकाजाचे दिवस हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

यार्डवाल्यांनाही याची एक प्रत द्यायचं ठरवलं आहे. त्यांच्यातले जे सरळ धंदा करतात त्यांना ही उत्तरं द्यायला अडचण नाही, आणि जे देणार नाहीत ते गिऱ्हाइकाला लगेच कळतील.